निवेदनापासून शासन निर्णयापर्यंत : संस्थेत नव्याने आलेल्या कार्यकर्त्यांसाठी

संस्थेत नवा कार्यकर्ता आला की लवकरच त्याच्याकडे निवेदन लिहिण्याचं काम येतं. 'शासनाने या गंभीर प्रश्नाकडे तातडीने लक्ष द्यावे, ही नम्र विनंती' हे वाक्य त्यात हमखास असतं. निवेदन आवक शाखेत जातं, शिक्का मारलेली पोच मिळते, मंत्र्यांबरोबर फोटो निघाला तर तो व्हॉट्सॲपवर फिरतो, आणि पुढे काहीच होत नाही. कारण 'लक्ष देणे' हे कुणाच्याच कामाच्या यादीत नसतं. कार्यासनावर, म्हणजे विभागातल्या त्या विषयाच्या टेबलावर, बसलेला अधिकारी मसुदा करतो, टिप्पणी लिहितो, दुसऱ्या विभागाची सहमती मागतो, निधी वितरित करतो. मागणी यांपैकी एखाद्या कामात बसत असेल तरच तिची नस्ती, म्हणजे फाइल, उघडते.

खालचा क्रम महाराष्ट्र शासनाच्या योजनांवर काम करणाऱ्यांसाठी आहे. विषय पोषणाचा असो, वनहक्कांचा असो की शिष्यवृत्तीचा, पायऱ्या फारशा बदलत नाहीत.

पायरी १ : अडथळा कोणत्या कागदावर आहे ते ठरवा

धोरण एका कागदावर नसतं. सगळ्यात वर कायदा. तो विधिमंडळ किंवा संसद करते. त्याखाली नियम; ते विभाग करतो आणि राजपत्रात अधिसूचना काढून लागू करतो. त्याखाली शासन निर्णय (जीआर), मग आयुक्तालयाचं किंवा संचालनालयाचं परिपत्रक, आणि तळाशी अर्जाचा नमुना, पोर्टलवरचा रकाना आणि खिडकीमागचा माणूस. जितकं खाली जावं तितका बदल सोपा. कायदा बदलायला वर्षं जातात, शासन निर्णयाला महिने लागतात, परिपत्रक काही आठवड्यांतही निघतं. नवे लोक मात्र बहुतेकदा वरून सुरुवात करतात आणि अर्जाच्या नमुन्यातल्या एका रकान्यासाठी कायदादुरुस्ती मागतात.

गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाचं उदाहरण नीट समजून घ्यावं असं आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू हे गौण वनोपज, म्हणजे इमारती लाकडाखेरीजचं वनउत्पादन, ठरवलं. २००९ मध्ये गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. म्हणजे कायदा होता, हक्कपत्रही होतं. तरी बांबू गावाबाहेर विकता येईना, कारण त्यासाठी लागणारा वाहतूक परवाना देण्याचा अधिकार वन विभागाकडेच होता. लढा त्या परवान्याच्या पुस्तकाभोवती उभा राहिला. एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं आणि सप्टेंबर २०१२ मध्ये केंद्राने वनहक्क नियमांत दुरुस्ती करून वाहतूक परवान्याबाबतचा अधिकार ग्रामसभेच्या कक्षेत आणला. कायद्याच्या एकाही शब्दाला हात लावावा लागला नाही. अडथळा नियमांच्या थरावर होता आणि मागणीही त्याच थरावर झाली.

तुमच्या विषयात हे शोधण्यासाठी नाकारलेली दहा-बारा खरी प्रकरणं घ्या. प्रत्येकाबाबत तीन गोष्टी लिहा : कुणी नाकारलं, कोणत्या टप्प्यावर, आणि कोणत्या कागदातल्या कोणत्या शब्दाचा आधार दिला. तोंडी नकार असेल तर लेखी मागा. लेखी मागितल्यावर निम्मी कामं तिथेच होतात, हा या कामातला जुना अनुभव आहे. उरलेल्यांचे गठ्ठे करा. सात-आठ प्रकरणं एकाच शब्दावर अडलेली दिसली तर धोरणाचा प्रश्न सापडला असं समजा. प्रत्येक प्रकरण वेगळ्याच कारणाने अडलं असेल, तर प्रश्न त्या कार्यालयाच्या कामाचा आहे. त्यासाठी मंत्रालयात जाऊ नका. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली ती सेवा अधिसूचित आहे का ते पाहा आणि असेल तर त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे अपील करा.

पायरी २ : शासन निर्णय वाचायला शिका

शासन निर्णय राज्य शासनाच्या संकेतस्थळावर विभागवार मिळतात. प्रत्येकाला संगणक सांकेतांक असतो. त्याचे पहिले आठ आकडे वर्ष, महिना आणि दिवस सांगतात. पत्रव्यवहारात निर्णयाचा क्रमांक, दिनांक आणि हा सांकेतांक तिन्ही लिहा. 'मागील वर्षीच्या जीआरनुसार' असं लिहिलेलं पत्र बाजूला पडतं.

वाचण्याचा क्रम छापलेल्या क्रमापेक्षा वेगळा ठेवा.

आधी 'वाचा' किंवा 'संदर्भ' हा भाग. त्यात आधीचे निर्णय असतात. ते सगळे उतरवून घ्या, कारण नवा निर्णय जुन्याला पूर्ण रद्द करतो की त्यातली काही कलमंच बदलतो, हे त्यांच्याशिवाय कळत नाही. अधिक्रमित झालेल्या, म्हणजे नव्या निर्णयाने मागे टाकलेल्या, निर्णयाचा हवाला देऊन भांडणारे कार्यकर्ते सगळ्याच तालुक्यांत भेटतात.

मग थेट शेवट. 'सदर शासन निर्णय वित्त विभागाच्या सहमतीने' असं वाक्य आणि त्यापुढे अनौपचारिक संदर्भ क्रमांक आहे का ते बघा. असेल तर या निर्णयात पैशांचा संबंध आहे आणि त्यातला बदलही बहुधा वित्त विभागातून जाईल. त्याच्या आसपास लेखाशीर्ष, म्हणजे खर्च कोणत्या खात्यात पडतो तो आकडी क्रमांक, दिलेलं असतं. ते वहीत लिहा, पुढच्या पायरीला लागेल. 'राज्यपालांच्या आदेशानुसार व नावाने' या ओळीखाली स्वाक्षरी कुणाची आहे तेही पाहा. कक्ष अधिकारी, अवर सचिव की उपसचिव, त्यावरून कार्यासन सापडतं. 'प्रत' या यादीत कुणाकुणाला निर्णय पाठवला ते असतं. तुमच्या विषयातलं एखादं महत्त्वाचं कार्यालय त्यात नसेल, तर खाली 'आमच्याकडे असं काही आलेलं नाही' हे उत्तर का मिळतं ते तिथेच कळतं.

प्रस्तावना सगळ्यात शेवटी वाचली तरी चालेल. ती सुंदर असते, पण तिच्यातून हक्क निर्माण होत नाही. हक्क असतो तो क्रमांक घातलेल्या परिच्छेदांत, आणि तिथेही 'राहील' आणि 'करण्यात यावे' यांना वजन आहे, 'प्रयत्न करावा' आणि 'शक्यतो' यांना नाही. 'निधीच्या उपलब्धतेनुसार' हे दोन शब्द दिसले की त्या परिच्छेदाला हक्क समजू नका.

निर्णयानंतर आलेलं शुद्धीपत्रक आणि शासन पूरकपत्र वेगळं शोधावं लागतं. मूळ निर्णयाच्या छापील प्रतीला ती टाचून ठेवा.

पायरी ३ : पैसा कुठून येतो

लेखाशीर्षाचे पहिले चार आकडे मुख्य शीर्ष सांगतात. २२१० म्हणजे वैद्यकीय सेवा व सार्वजनिक आरोग्य, २२०२ सर्वसाधारण शिक्षण, २२३६ पोषण आहार. पहिला आकडा २ किंवा ३ असेल तर महसुली खर्च, ४ किंवा ५ असेल तर भांडवली. हे समजलं नाही तर फसगत होते : इमारतीसाठी ठेवलेल्या रकमेतून मानधन देता येत नाही. शेवटची उद्दिष्ट शीर्षंही बघा. ०१ वेतन, ११ प्रवास खर्च, १३ कार्यालयीन खर्च, ३१ सहायक अनुदाने, अशी ती असतात. योजनेला कोट्यवधींची तरतूद आणि पर्यवेक्षिकेच्या प्रवासखर्चाला काहीच नाही, असं असेल तर गावभेटी का होत नाहीत हे विचारायची गरज उरत नाही.

अर्थसंकल्पीय पुस्तकात तीन रकाने एकत्र वाचा : मागच्या वर्षांचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज, आणि सुधारित अंदाज. तरतूद मोठी आणि सुधारित अंदाज दरवर्षी निम्म्यावर येत असेल, तर जादा तरतुदीची मागणी करून उपयोग नाही. आहे तो पैसा का खर्च होत नाही हा प्रश्न विचारायला हवा. वर्ष चालू असताना निधी किती वितरित झाला आणि किती खर्ची पडला हे बीम्स या शासनाच्या ऑनलाइन निधीवाटप प्रणालीवर पाहता येतं. जिल्ह्यापुरतं काम असेल तर पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा नियोजन समितीचा वार्षिक आराखडा बघा. छोट्या कामांना तिथे लवकर वाट मिळते.

पैशाची सोय आधी झाली की धोरण किती टिकतं, याला रोजगार हमी योजनेइतकं चांगलं उदाहरण नाही. वि. स. पागे यांनी मांडलेली कल्पना १९७२ च्या दुष्काळात राज्यभर वापरली गेली. १९७५ च्या व्यवसाय कराने तिला स्वतःचा निधी दिला. १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. देशपातळीवर असा कायदा यायला २००५ उजाडलं. पगारपत्रकातून आजही कापला जाणारा व्यवसाय कर मुळात त्यासाठी आला, हे अनेक पगारदारांना ठाऊक नसतं.

पायरी ४ : पुरावा जमवा, पण मोजून

माहिती अधिकाराचा अर्ज हे सगळ्यात स्वस्त साधन आहे आणि सगळ्यात वाईट वापरलं जाणारंही. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत हवा. शुल्क १० रुपये. कोर्ट फी स्टँपही चालतो. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही. उत्तराची मुदत ३० दिवस. त्यानंतर ३० दिवसांत पहिलं अपील, आणि त्याच्या निर्णयानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं.

अर्ज फसतो तो प्रश्नाच्या रचनेमुळे. 'लाभ का दिला नाही' हा प्रश्न माहितीत मोडत नाही. त्याऐवजी कागद मागा : 'अमुक योजना, अमुक तालुका, १ एप्रिल ते ३१ मार्च या काळातील आवक अर्जांची एकूण संख्या, नामंजूर अर्जांची कारणनिहाय संख्या, आणि प्राप्त निधीच्या उपयोगिता प्रमाणपत्राची प्रत.' (उपयोगिता प्रमाणपत्र म्हणजे निधी ठरल्या कामी खर्च झाल्याचा दाखला.) लाभार्थ्यांची नावं मागू नका. वैयक्तिक माहिती म्हणून अख्खा अर्ज परत येतो आणि महिना जातो.

कार्यालयाचे आकडे मिळाल्यावर स्वतःचे आकडे त्यांच्याशेजारी ठेवा. त्यासाठी मोठं सर्वेक्षण लागत नाही. तालुक्यातली दहा गावं, प्रत्येकी वीस घरं, आणि सगळीकडे तेच पाच प्रश्न एवढं पुरतं. मात्र गावं सोयीची निवडू नका. रस्त्याकडेचीच गावं घेतली की अधिकारी पहिल्या बैठकीत त्यावरच बोट ठेवतो. ग्रामसभेचा ठराव जोडायचा असेल तर गणपूर्ती तपासा : १५ टक्के मतदार किंवा १००, यांपैकी जे कमी असेल ते. ठरावाच्या इतिवृत्ताची सही-शिक्क्याची प्रत हवी. नुसता सह्यांचा कागद ठराव होत नाही.

आरोग्यसेवांवरच्या लोकाधारित देखरेखीत हे चांगलं जमलं होतं. २००७ मध्ये अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत ती सुरू झाली. गावाने आपल्या केंद्राचं प्रगतिपत्रक हिरव्या, पिवळ्या आणि लाल रंगात भरायचं आणि ते जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ठेवायचं. तीन रंग असल्याने निरक्षर माणूसही आपल्या गावाचं पत्रक वाचून दाखवू शकत असे, आणि 'पिवळं का?' या प्रश्नाला वैद्यकीय अधिकाऱ्याला सगळ्यांदेखत उत्तर द्यावं लागे.

पायरी ५ : एका पानाची मागणी

आता निवेदन लिहा. एकच पान, एकच मागणी. दहा मागण्यांच्या निवेदनातली सर्वांत सोपी मागणी मान्य होते आणि बाकीच्या नऊ 'कार्यवाही सुरू' म्हणून बंद होतात.

पानावर हे असावं :

- विषय आणि संदर्भ : शासन निर्णय क्रमांक, दिनांक, सांकेतांक, परिच्छेद.
- अडचण तीन ओळींत, आकड्यांसह.
- सध्याची शब्दरचना आणि तिच्याखाली सुचवलेली शब्दरचना, जशीच्या तशी.
- आर्थिक भार, गणितासह.
- बदल कोण अमलात आणेल आणि त्यासाठी जादा माणूस लागेल की नाही.

तिसरा मुद्दा सगळ्यात मोलाचा. कार्यासनावरच्या सहायकाला मसुदा करायचा असतो. तयार वाक्य मिळालं तर तो ते टिप्पणीत उचलतो. वाक्य शासन निर्णयाच्याच भाषेत लिहा. घोषणेची भाषा तिथे उचलली जात नाही.

आर्थिक भार लपवू नका. समजा १,२०० जणांना दरमहा ५०० रुपये जादा द्यायचे, तर वर्षाचे ७२ लाख होतात. तसं लिहा आणि कोणत्या लेखाशीर्षातून भागवता येईल तेही सुचवा. गणित दिलं नाही तर ते विभाग करतो आणि सावधपणे मोठंच करतो. भार शून्य असेल तर तसं ठळक लिहा. अशा नस्तीला वित्त विभागाची वारी सहसा चुकते.

पान प्रत्यक्ष द्यायचं कुणाला? मंत्र्यांना जरूर द्या, पण प्रत कार्यासनावर स्वतः नेऊन द्या आणि तिथून नस्ती क्रमांक मागा. नस्ती आता ई-ऑफिसवर फिरते, त्यामुळे ती सध्या कुणाकडे आहे हे सांगता येतं. २००५ च्या बदल्या व दिरंगाईविषयीच्या कायद्यानुसार कुठल्याही कर्मचाऱ्याकडे नस्ती साधारणपणे कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये. दुसऱ्या विभागाकडे पाठवायची नसेल तर ४५ दिवसांत आणि पाठवायची असेल तर तीन महिन्यांत निर्णय अपेक्षित आहे. हे कलम पहिल्या भेटीत काढू नका. सातव्या आठवड्यात, लेखी, सौम्य शब्दांत त्याची आठवण द्या.

पायरी ६ : वेळ

विभाग पुढच्या वर्षाचे अंदाज ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बांधायला घेतात. पैशांची मागणी सप्टेंबरपर्यंत कार्यासनावर हवी. फेब्रुवारीत दिलेलं निवेदन पुढच्या नव्हे, त्यापुढच्या वर्षाचं असतं. मधली संधी पुरवणी मागण्यांची, म्हणजे चालू वर्षासाठीच्या जादा निधीच्या मागण्यांची. त्या अधिवेशनांत मांडल्या जातात. आचारसंहितेच्या काळात नवा निर्णय निघत नाही. तो वेळ आकडे जमवायला वापरा. नियमांचा मसुदा राजपत्रात आला आणि हरकती व सूचना मागवल्या, तर मुदत संपायच्या आत कलमवार लेखी सूचना द्या. केंद्राच्या २०१४ च्या पूर्वविचारविनिमय धोरणात मसुदा किमान ३० दिवस खुला ठेवण्याची अपेक्षा आहे, पण तो कायदा नाही, म्हणून त्यावर विसंबू नका.

आमदारांची मदत अधिवेशनाआधी घ्या. तारांकित, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तराचा, प्रश्न बरेच दिवस आधी द्यावा लागतो. लक्षवेधी सूचनेला मंत्र्याला निवेदन करावं लागतं आणि ते निवेदन तयार करण्यासाठी विभाग खालून माहिती मागवतो. बरेचदा मंत्र्यांच्या उत्तरापेक्षा ही माहिती मागवण्याची धावपळच जास्त काम करून जाते. सभागृहात दिलेलं आश्वासन आश्वासन समितीकडे नोंदलं जातं. कार्यवृत्तातला तो परिच्छेद काढून ठेवा.

पायरी ७ : निर्णय निघाल्यानंतर

बहुतेक संस्था इथे पेढे वाटतात आणि पुढच्या विषयाकडे वळतात. खरं काम इथून सुरू होतं.

पहिल्या महिन्यात बघायचं ते एवढंच : निर्णय गटविकास अधिकाऱ्यापर्यंत पोचला का, अर्जाचा नमुना आणि पोर्टल बदललं का, लेखाशीर्षावर पैसे उतरले का, ज्याने काम करायचं त्याला कुणी समजावून सांगितलं का. पोर्टल बदललं नसेल तर निर्णय असूनही अर्ज स्वीकारला जात नाही. लाभार्थ्याच्या बाजूने अडचणी ठरलेल्या असतात : आधार आणि शाळेच्या दाखल्यावर नावाचं वेगळं शुद्धलेखन, आधारशी न जोडलेलं बँक खातं, मुदत संपलेला उत्पन्नाचा दाखला. शक्य असेल तर पहिल्या पन्नास अर्जांचा प्रवास स्वतः नोंदवा आणि कितवा अर्ज कुठे थांबला त्याचा तक्ता महिन्याभरात त्याच कार्यासनाला द्या. या टप्प्यावरची दुरुस्ती परिपत्रकाने होते.

संस्थेचंच प्रारूप योजना बनत असेल तर आणखी जपावं लागतं. गडचिरोलीतल्या 'सर्च' संस्थेने घरोघरी नवजात बालसेवेचा प्रयोग ३९ गावांत केला आणि तुलनेसाठी ४७ गावं घेतली. नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले आणि २०११ मध्ये आशांमार्फत, म्हणजे गावातल्या आरोग्य कार्यकर्त्यांमार्फत, चालणाऱ्या राष्ट्रीय कार्यक्रमाची मार्गदर्शक तत्त्वं निघाली : दवाखान्यात बाळंतपण झालं तर ४२ दिवसांत सहा भेटी, घरी झालं तर सात, मोबदला २५० रुपये. प्रयोगातल्या आरोग्यदूत जंतुसंसर्गावर इंजेक्शनही देत. राष्ट्रीय कार्यक्रमात आशांच्या कामातून ते गळालं. विस्तार होताना असं काही ना काही गळतंच. म्हणून आपल्या प्रारूपातल्या कोणत्या दोन-तीन गोष्टी गळाल्या तर परिणामच उरणार नाही, ते प्रस्तावात आधीच लिहून द्या. सहसा या गोष्टी नीरस असतात : एका पर्यवेक्षकामागे किती कार्यकर्त्या, औषधं संपली तर किती दिवसांत, मोबदला किती तारखेला.

सामंजस्य करार करून संस्थेने स्वतः योजना राबवायला घेतली तर दोन अडचणी येतात. अनुदानाचा पुढचा हप्ता मागच्याच्या उपयोगिता प्रमाणपत्रावर मिळतो आणि तो उशिरा येतो. तोवरचे पगार संस्थेच्या गंगाजळीतून द्यावे लागतात. ती सोय नसेल तर करार करू नका. दुसरी अडचण अवघड जागेची : ज्या विभागाकडून हप्ता यायचा त्याच्यावर टीका करताना हात आखडतो. देखरेखीचं आणि राबवण्याचं काम एकाच योजनेत, एकाच जिल्ह्यात एका संस्थेने घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

विदेशी निधी घेणाऱ्या संस्थांनी परकीय अंशदान कायदाही पाहावा. २०२० च्या दुरुस्तीनंतर असा निधी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही आणि प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो. त्यामुळे संस्थांच्या युतीचा खर्च एकीने उचलून इतरांना वाटायची जुनी पद्धत त्या पैशातून चालत नाही. प्रवास, छपाई, बैठका यांची वाटणी आधीच ठरवून घ्यावी.

बदल्या साधारण एप्रिल-मे महिन्यांत होतात. विषय समजलेला अधिकारी जातो आणि नव्याला नस्तीतली शेवटची दोनच पानं दिसतात. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात नव्या अधिकाऱ्याची वेळ घ्या, तेच एक पान, नस्ती क्रमांक आणि आतापर्यंतच्या पत्रांची तारीखवार यादी घेऊन जा, आणि भेटीत काय ठरलं त्याचं चार ओळींचं पत्र त्याच दिवशी आवक शाखेत देऊन या.